दुपारचं व्होल्टेज

स्वानंदीचा कॉम्प्युटर पळवून दाखवायचा, असं सुमेधने मनावर घेतलं आणि दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या घरात आधीच पेटलेला मे महिना आणखी भडकला.

स्वानंदी लग्नाच्या फिल्म तयार करायची. कमानिया गेटजवळच्या एका स्टुडिओत तिने बरीच वर्षं राबून दुसऱ्याचं नाव मोठं केलं होतं. गढा भागातल्या प्रणोतीच्या लग्नाचं काम मात्र पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या नावावर आलं होतं. हे वेळेवर झालं तर पुढची कामं. नाहीतर पुन्हा स्टुडिओची पायरी. आणि कॉम्प्युटर असा म्हातारा, की एवढी फिल्म जोडून तिची एकसंध फाईल बाहेर काढायला सोमवार उजाडला असता.

"दीदी, रविवारी पक्का न?" प्रणोतीचा फोन आला. "सत्यनारायणाला सगळे पाहुणे येऊन राहिले. टीव्हीवर लावणार आहो, सबको बता दिया!"

"पक्का," स्वानंदी म्हणाली, आणि फोन ठेवून तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्या रेल्वेतल्या कारकुनाचा इंजिनिअर झाला.

सुमेधने इंटरनेट पालथं घातलं. प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवता येतं. फक्त व्होल्टेज जरा वाढवून द्यावं लागतं. कमी पडलं तर तो मध्येच बंद पडतो, जास्त झालं तर तापतो. नेमका आकडा सापडला की रोजच्या कामाला बिनघोर. तो सापडला की नाही हे कळायला मात्र कॉम्प्युटर दिवसभर पूर्ण ताकदीने चालवून बघावा लागतो.

स्वानंदी दिवसा शूटिंगला बाहेर असे. सुमेधने आकडा बसवला, तपासणी सुरू केली, आणि बंद पडलाच तर कॉम्प्युटर आपोआप उठून पुन्हा तपासणीला लागेल अशी सोयही केली. वारा लागावा म्हणून तो कूलरसमोर ठेवला आणि त्याची वायर कूलरच्याच बोर्डात खोचली. खोलीत धड चालणारा बोर्ड तेवढा एकच होता.

संध्याकाळी पाहतो तर कॉम्प्युटर दुपारी तीनला एकदा बंद पडून उठलेला.

"दुपारची गर्मी," सुमेधने निदान केलं. "व्होल्टेज कमी पडून राहिलं." त्याने ते थोडं वाढवलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. सुमेधने आणखी वाढवलं. तिसऱ्या दिवशी तीनदा! खोक्यातून भट्टीसारखी धग येऊ लागली. सुमेधची आई, अनसूयाबाई, दुपारची झोप सोडून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसू लागल्या.

"काहून रे, हा स्वयंपाकाला ठेवला का?" त्यांनी विचारलं.

"आई, तुला नाही समजणार. स्थिर करून राहिलो."

"अच्छा," म्हणून त्या ओट्याकडे निघाल्या.

स्वानंदीचं संकलन पूर्ण झालं, पण फिल्म बाहेर काढायची हिंमत होईना. "राहू द्या न तुमचं व्होल्टेज," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी स्टुडिओत हात जोडते, त्यांच्या मशीनवर काढू देतील." सुमेधच्या ते फार जिव्हारी लागलं. शुक्रवारी त्याने सुट्टी टाकली आणि चोर पकडायला बसावं तसा कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसला.

दुपार झाली. अनसूयाबाई बादली घेऊन आल्या, शांतपणे बोर्डाचं बटन बंद केलं आणि कूलरमध्ये पाणी ओतू लागल्या. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

"आई! हे काय करून राहिली?"

"पाणी भरून राहिली. चालू कूलरमध्ये भरू? करंट नाही लागणार?"

"तू रोज बटन बंद करते?"

"रोज म्हणजे काय, दर वेळेस! पहिले एकदा भरलं की दिवस निघे. हा तुझा खोका तापला तसं दोनदा, मग तीनदा भरा लागलं."

सुमेधने डोक्याला हात लावला. तो जितकं व्होल्टेज चढवत होता तितकी खोली तापत होती, आणि खोली तापेल तितक्यांदा आई बटन दाबत होती. पहिल्या दिवशीचा आकडा बिचारा निर्दोष होता.

तोच आकडा पुन्हा बसवून शनिवारी सकाळी फिल्म काढायला घेतली. खोका थंड, वेग दणदणीत. अनसूयाबाईंना पाणी भरायची बंदी झाली. कोरडा कूलर गरम वारा फेकत राहिला, तिघं घाम पुसत बसले, आणि जेवणाच्या आत फिल्म तयार! स्वानंदी नाचायचीच बाकी होती.

तिघांनी फिल्म लावली. शेवट आला तरी अनसूयाबाईंची नजर काहीतरी शोधत होती.

"प्रणोतीची आजी कुठी आहे वं?"

स्वानंदीचा चेहरा उतरला. "त्या पंगतीत होत्या. पंगत लांबत होती, म्हणून मी अख्खी कापली."

"कापली? उद्या सत्यनारायणाला पहिल्या खुर्चीत तीच बसणार आहे! लग्नात मला बळेबळे जिलबी वाढली तिनं."

स्वानंदीने घाबरून सुमेधकडे पाहिलं. कालपर्यंत या एका वाक्याने घरात रडारड झाली असती.

"मग घाल न आजी," सुमेध ऐटीत म्हणाला. "परत काढू. चहा पिता पिता निघते आता."

आजी जिलबीच्या ताटासकट परत आली आणि फिल्म पुन्हा निघू लागली. सवयीने अनसूयाबाईंनी बादली उचलली. "आई!" दोघं एकदम ओरडले.

अनसूयाबाईंनी बादली खाली ठेवली आणि पदराने वारा घेत कॉम्प्युटरसमोर बसल्या.

"समजते मला," त्या म्हणाल्या. "आधी आजीला निघू द्या, मग भरते पाणी."