तिसरं बोट

व्हायोलिनच्या शिकवणीत जागा मिळायला काकूंना दोन वर्षं थांबावं लागलं. शिकवणाऱ्या बाई एका वेळी नऊच विद्यार्थी घेत, आणि त्यांतलं कुणी गाव सोडून गेल्याशिवाय दहाव्याचा नंबर लागत नसे. काकूंनी व्हायोलिन मात्र आधीच घेऊन ठेवलं होतं. दोन वर्षं ते कपाटावर, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पडलं होतं. अखेर बाईंच्या एका विद्यार्थ्याची बदली झाली आणि एक्कावन्नाव्या वर्षी काकूंनी ते खाली काढलं.

बाईंनी पहिल्याच दिवशी अटी सांगितल्या. रोज वीस मिनिटं सराव. वेळ एकच, जागा एकच, ओळही एकच. तीन महिन्यांनी परीक्षा. ती ओळ स्वच्छ वाजली तर जागा पक्की, नाहीतर नाव पुन्हा यादीच्या तळाशी.

"वय वगैरे मी बघत नाही," बाई म्हणाल्या. "सवय बघते."

काकूंचे यजमान बस डेपोत वेळापत्रकं आखायचे. त्यांना हे फार पटलं. त्यांनी त्याच दिवशी पट्टी घेऊन तक्ता आखला आणि फ्रिजवर लावला. संध्याकाळी साडेसात ते सात पन्नास, झोपायची खोली, खिडकीजवळ. रोज सराव झाला की एक खूण. स्वतः ते बरोबर साडेसातला पाय मोकळे करायला बाहेर पडत आणि बावीस मिनिटांनी परत येत. दोन मिनिटं खबरदारी म्हणून.

काकूंनी एक दिवसही चुकवला नाही. चुकायचं ते फक्त तिसरं बोट. तारेवर जिथे पडायला हवं, त्याच्या केसभर खालीच ते पडायचं, आणि तो एक सूर घशात गोळी अडकल्यासारखा निघायचा. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून आल्यावर काकू तो सूर रोज चाळीस-पन्नास वेळा काढत. शेजारपाजाऱ्यांकडून कधीच तक्रार आली नाही. काकूंना वाटायचं, माणसं सज्जन आहेत.

दीड महिन्याने बाईंनी युक्ती केली. व्हायोलिनवर, बोट पडायला हवं तिथे, कागदाची बारीक पट्टी चिकटवली. आठ दिवसांत बोट वर सरकलं. ओळ पहिल्यांदा ओळीसारखी वाजली. काकूंनी ती यजमानांना मुद्दाम थांबवून ऐकवली. ते म्हणाले, "हो, आता घरात बसवतंय."

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची तरुण आई वर आली. तिच्या खांद्यावर आठ महिन्यांची ठकी होती, आणि दोघींचेही डोळे लाल होते.

"काकू, तुम्ही हल्ली ते वेगळं वाजवताय का?"

"सुधारलंय गं," काकू जमेल तेवढ्या नम्रपणे म्हणाल्या.

"ते परत बिघडवता येईल का?"

मग सगळं बाहेर आलं. ठकी काही केल्या संध्याकाळी झोपत नसे. काकूंचं व्हायोलिन सुरू झाल्यापासून मात्र तो घशातला सूर आला की तिचे डोळे मिटायचे. आठ वाजता तिच्या आईची नोकरी सुरू व्हायची. एका दवाखान्याचे फोन ती घरूनच घ्यायची. गेल्या तीन दिवसांत फोन करणाऱ्या प्रत्येक रुग्णाने आधी ठकीचीच विचारपूस केली होती.

काकूंनी उपाय काढला. जुना सूर मुद्दाम वाजवून तिच्या फोनवर भरून दिला. ठकीने तो फोन तोंडात घातला आणि रडतच राहिली. तिला तो सूर छतातूनच हवा होता.

प्रकरण यजमानांकडे गेलं. त्यांनी दोन दिशांच्या गाड्या आखाव्यात तसा नवा तक्ता आखला. सकाळी दुकान उघडण्याआधी, मागच्या गोदामात, बरोबर ओळ, वीस मिनिटं. संध्याकाळी घरी, चुकीची ओळ, दहा मिनिटं.

"दोन वेळा, दोन जागा, दोन ओळी? बाई काय म्हणतील?"

"त्यांना कशाला सांगायचं?" यजमान म्हणाले. डेपोतही त्यांची हीच पद्धत होती.

काकूंचं बोट गुणी होतं. गोदामात, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांत ते वर पडायचं, घरी खाली. सहा आठवडे हे बिनबोभाट चाललं. मग परीक्षा आली, आणि बाईंची खोली म्हणजे घर की दुकान, हे बोटाला ठरवता येईना. पहिल्यांदा ओळ चुकली. दुसऱ्यांदा बरोबर आली. तिसऱ्यांदा पुन्हा चुकली.

"सरावाचा तक्ता दाखवा," बाई म्हणाल्या.

काकूंनी पिशवीतून तो काढून दिला. घडी उलगडेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात बऱ्याच गोष्टी कबूल करून टाकल्या होत्या. बाईंनी चष्मा वर करून वाचला.

"चूक, रोज दहा मिनिटं. आणि एकही खाडा नाही?"

"एक आहे. सोळा तारखेला ठकी आजोळी गेली होती."

काकूंनी मग सगळं सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी साडेसातला मी स्वतः येते, त्या म्हणाल्या. ऐकते, मग नाव ठेवायचं की काढायचं ते ठरवते.

बाई आल्या आणि पर्स मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसल्या. काकूंनी व्हायोलिन खांद्याला लावलं. बाईंच्या धाकाने बोट थेट वर, जागच्या जागी पडलं. खालून ठकीचा आवाज आला. काकूंनी पुन्हा वाजवलं, पुन्हा बरोबर. खालचा आवाज वाढला. पावणेआठला ठकीला घेऊन तिची आईच दारात उभी राहिली.

"काकू, आज काय झालंय तुम्हाला? आठला मला फोनवर बसायचंय."

"आणा ते इकडे," म्हणत बाईंनी काकूंच्या हातातून व्हायोलिन घेतलं. एक सूर चुकवायचा, त्यात काय, असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी गज ओढला. सूर निखळ लागला. ठकीने किंकाळी फोडली. बाईंनी पुन्हा वाजवलं, मग डोळे मिटून पुन्हा. चाळीस वर्षं सरावलेलं बोट हलायला तयार नव्हतं.

"जात नाहीये खाली," बाई पुटपुटल्या. स्वतःच्याच घराची किल्ली कुलपात फिरू नये तशा त्या गोंधळल्या होत्या.

काकू जवळ सरकल्या. "बोट उभं नका धरू बाई. आडवं होऊ दे. अजून. पाय दुखतायत आणि स्वयंपाक व्हायचाय, असं समजा."

बाईंनी तसं समजून वाजवलं. सुराच्या घशात गोळी अडकली. ठकी रडता रडता थांबली. बाईंनी ती ओळ आणखी सहा-सात वेळा वाजवली. शेवटी शेवटी तर त्या जरा रंगल्याच होत्या. आठला दोन मिनिटं असताना ठकीची आई तिला घेऊन चवड्यांवर चालत जिना उतरली.

बाईंनी व्हायोलिन पलंगावर ठेवलं. त्या पाणी प्यायल्या आणि गेल्या. नावाचं काहीच बोलल्या नाहीत.

"नाही तर म्हणाल्या नाहीत ना?" यजमान दर जेवणाला विचारत.

"हो कुठे म्हणाल्यात?" काकू म्हणत आणि पान तसंच बाजूला सारत. त्यांनी व्हायोलिनचा जुना अभ्राही धुऊन ठेवला होता.

पाचव्या दिवशी काकू भाजी चिरत असताना बाईंचा फोन आला. आवाज दबका होता.

"माझं तिसरं बोट खाली पडायला लागलंय. काल एका विद्यार्थिनीने दाखवून दिलं. मला. तुम्ही दोन्ही कसं सांभाळता?"

काकूंनी सुरी खाली ठेवली. "तसं फोनवर सांगून कळायचं नाही बाई. समोर बसून दाखवायला हवं."

"मग उद्या या. अर्धा तास आधी या, बाकीचे यायच्या आत."

"येते की. पण हे एका दिवसाचं काम नाही हो. मला दर आठवड्याला यावं लागेल."

"तर काय," बाई म्हणाल्या. "यावंच लागेल."