मागच्या भागातली माणसं

सोपानदादा एकदा भेटले की दोनदा भेटतात. पहिल्या वेळी चारचौघांसारखं बोलतात आणि जातात. थोड्या वेळानं परत येतात ते मघाचं बोलणं दुरुस्त करायला.

"वैनी, मगाशी तुमी इचारलं, बरं हाय का, आन मी म्हनलो झकास. तर झकास असं न्हाय. गुडघा दुखतोय. तुमी आपलं झकास धरून चालाल, म्हनून सांगाया आलो."

इंदापुरात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं चष्म्याचं दुकान आहे. भिंतीला लागून सोपानदादांचं मोटार वायंडिंगचं. तालुक्यातल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी त्यांच्या दारात येऊन पडतात. माझ्या नवऱ्याचे ते शाळेपासूनचे मित्र, म्हणून मी वैनी. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, अंगानं किरकोळ, एकटेच राहतात. मिशीला कलप लावायचा की नाही हे त्यांचं अजून ठरलेलं नाही, त्यामुळं ती काही महिने काळी असते आणि काही महिने पांढरी.

गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं की दादा विचारतात, "तांब्याची तार भरू का अल्युमिनियमची?"

"अल्युमिनियम भरा की. स्वस्तातलं."

दादांचा चेहरा पडतो. "भरतो. आत्ता काय वाटनार न्हाय. पुढच्या भागात भोवंल."

"कुठला पुढचा भाग?"

यावर दादा फक्त मान हलवतात. गिऱ्हाईक घाबरून तांब्याची तार भरायला सांगतं. मग दादा आणखी काळजीत पडतात, की आपण त्याला भरीला तर घातलं नाही?

हा पुढचा भाग काय प्रकार आहे ते सांगायला हवं. दादांनी बिलं करायला म्हणून एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. बिलं ते अजून हातानंच करतात, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये आधीच्या मालकाचा एक गेम राहून गेला होता. धडाधड गोळ्या मारायचा नव्हे. यात आपण एका भटक्या शिपायाचं सोंग घ्यायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं. समोरचा काही विचारतो, खाली तीन-चार उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. जसं निवडाल तशी गोष्ट पुढं सरकते. आणि सुरुवातीलाच पडद्यावर एक वाक्य आलं होतं, की तुम्ही जे जे ठरवाल ते लक्षात ठेवलं जाईल, पुढच्या भागातही.

हे वाक्य दुसऱ्या कुणी वाचून सोडून दिलं असतं. सोपानदादांनी ते मनावर घेतलं.

इंग्रजी त्यांना वाचता येतं, पण आपल्या वाचण्यावर त्यांचा भरवसा नाही. दुपारच्या निवांत वेळेला भिंतीवर थाप पडायची. "वैनी, वाईच या! ह्यो मानूस 'कदाचित येईन' म्हनतोय का 'नक्की येईन'?" मी डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवलेलं गिऱ्हाईक तसंच बसवून धावायची. सांगितलं तरी दादा विचारायचे, "कदाचित म्हंजी किती?"

सगळ्यात वाईट म्हणजे काही प्रश्नांना वेळ लावलेली असते. पडद्यावर एक रेघ असते, ती आखडत जाते. संपली की तुमचं गप्प राहणं हेच उत्तर धरतात. एकदा एका सरदारानं विचारलं, "तू माझ्या बाजूचा ना?" दादा विचार करत राहिले, रेघ संपली. सरदार म्हणाला, "समजलो," आणि निघून गेला. दादांना त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. "वैनी, काय समजला आसंल त्यो?"

तेव्हापासून दादा गावातही जपून वागायला लागले. कोण पुढच्या भागात परत भेटेल सांगता येत नाही, म्हणून रिक्षावाल्याची विचारपूस. गल्लीतल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तर खाली बसून माफी. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसाला ते "येतो" म्हणत नाहीत आणि "येत नाही" असंही म्हणत नाहीत. बिचारा दारातून हलत नाही. शेवटी मीच जाऊन सांगते, येतील ते.

गेमच्या शेवटी एक पूल होता. शत्रूची फौज येत होती. पूल तोडला तर किल्ला वाचणार, पण पलीकडचं गाव फौजेच्या तावडीत सापडणार. नाही तोडला तर गाव पुलावरून पळून वाचेल, किल्ला जाईल. त्या गावात एक म्हातारी कुंभारीण होती. तिनं शिपायाला कधीतरी माठातलं पाणी दिलं होतं, एवढाच तिचा संबंध. दादा कितीतरी दिवस त्या पुलाच्या तोंडाशी उभे होते. शेवटी त्यांनी पूल ठेवला. किल्ला पडला. सगळे सरदार शिपायाला दूषणं देत असताना गेम संपला.

पुढचा भाग यायला वर्षं लागली. दादा अधूनमधून म्हणायचे, "वैनी, म्हातारी नीट आसंल न्हवं? किल्ल्यातली मानसं तिला तरास देत नसतील?"

"दादा, ती खरी नाही हो."

"ते म्हाईत हाय मला," ते रागानं म्हणायचे. थोड्या वेळानं परत यायचे. "मगाशी चिडलो, ते तुमच्यावर न्हवतं."

अखेर दुसरा भाग आला. जुन्या कॉम्प्युटरला तो झेपेना, म्हणून दादांनी बारामतीहून नवा आणला. जुनी गोष्ट नव्यात घ्यायची सोय होती, ती दुकानदाराकडून पुन्हापुन्हा खात्री करून घेतली. पहिल्याच दुपारी भिंतीवर थाप पडली. मी गेले तर दादा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून पडद्यासमोर बसलेले.

शिपाई आता म्हातारा झाला होता. दादांनी त्याला बाकी कुठं न नेता नीट त्या गावाकडं नेलं. पूल होता. गाव होतं. म्हातारीही होती, माठ थापत बसलेली. दादांचा श्वास मला ऐकू येत होता.

म्हातारीनं मान वर केली आणि म्हणाली, "परक्या माणसा, माठ हवाय का?"

दादांनी तिच्याशी पुन्हा बोलून पाहिलं. "परक्या माणसा, माठ हवाय का?" मागे जाऊन परत आले. तेच.

"वैनी, वळखंना मला."

"वय झालंय तिचं," मी म्हटलं.

पुढं दादांनी जे केलं ते मला मागाहून कळलं. त्यांनी पहिला भाग मुळापासून पुन्हा खेळला, आणि या वेळी पूल तोडला. खात्री करायला. मग ती गोष्ट दुसऱ्या भागात घेतली आणि त्या गावी गेले. गाव जागच्या जागी होतं. कुंभारीण नव्हती. तिच्या जागी दुसरी म्हातारी माठ थापत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "परक्या माणसा, माठ हवाय का?"

दुसऱ्या दिवशी वायंडिंगचं दुकान उघडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दारात मोटारी साचल्या. मला धास्ती वाटली. एकटा माणूस. मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. दादा बाजेवर बसले होते, भिंतीला टेकून. मिशी पांढरी.

"म्हातारी बदलली, वाक्य त्येच," ते म्हणाले. "मंग पूल ठेवला काय आन तोडला काय?"

"गेम आहे दादा."

"गेमचं न्हाय सांगत मी." मग म्हणाले, "वैनी, मी एकदा पोरगी बघायला गेलतो."

एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं.

कळंबच्या अलीकडं, एका वस्तीवर. दादा ऐन पंचविशीतले. मुलीचं नाव कुसुम. मोठी माणसं आत बसली आणि या दोघांना घरामागं झाडाखाली खुर्च्या टाकून दिल्या. कुसुमनं सरळ विचारलं, "तुमाला मनापासनं करायचंय, का घरच्यांनी आणलंय म्हनून आलाय?"

"मला तर लई आवडली हुती," दादा म्हणाले. "पन ती 'मनापासनं' म्हनली न्हवं. म्हनलं, मनाला नीट इचारून सांगावं. इचारत बसलो. तेवढ्यात चुलत्यांनी हाक मारली. घरी आलो तरी इचारच करत हुतो. मंग कळलं, तिचं दुसरीकडं जमलं." त्यांनी हाताचे तळवे चोळले. "तिनं काय समजलं आसंल? म्हनली आसंल, काय खोट दिसली माझ्यात? रागारागात कुठं बी पडली आसंल. दारुड्या मिळाला आसंल. त्ये माझ्यामुळं."

कुसुमचा भाऊ एकदा मोटार घेऊन दुकानात आला होता. बहीण भिगवणला असते, हायवेला खानावळ आहे, एवढं बोलण्यात निघालं. पुढं विचारायचं दादांना धाडस झालं नाही. तेव्हा मला उमगलं, की भिगवणवरून सरळ रस्ता असताना हा माणूस पुण्याला जायला बारामतीचा वळसा का घेतो.

"एकदा बघायचंय," ते म्हणाले. "काय झालं तिचं. नुसतं बघायचं. बोलायचं न्हाय."

रविवारी आम्ही तिघं निघालो. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं, की दादांना भिगवणचे मासे खायचेत. दादा मागं बसले होते. वाटेतलं डाळज गाव मागं पडल्यावर म्हणाले, "परत फिरायचं का?" पुढं जरा वेळानं, "आज बंद आसंल." त्यांच्या नादानं मीही नको ते मनात आणायला लागले. खरंच वाईट काही दिसलं तर? हा माणूस त्यातून उठायचा नाही.

खानावळ पत्र्याची, मागं उजनीचं पाणी. चुलीजवळ एक टकला माणूस मासे तळत होता. आम्ही बसलो आणि नवऱ्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. तेवढ्यात ती आली. जाडजूड, केस निम्मे पिकलेले, खांद्यावर पंचा, आवाज खणखणीत. "चिलापी हाय, मरळ हाय. काय आणू?"

दादांनी तिच्याकडं पाहिलं, मग पत्र्याकडं, मग पाण्याच्या तांब्याकडं. मीच म्हटलं, "चिलापी."

"कुठनं आला?"

"इंदापूर."

"आगं बया, इंदापूर! मला एक स्थळ आलतं तितलं."

"झालं चालू," चुलीजवळचा माणूस हसत म्हणाला. "ऐका आता."

"ऐका तर खरं! पोरगा बघायला आला. मी आपलं एकच इचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मंग झाडाकडं बघितलं, मंग चपलंकडं बघितलं. चा गार झाला तरी बोलंना. मी आत जाऊन सांगितलं, आवो, पोरगा मुका हाय! तर आमचं आबा मध्यस्थाच्या घरी भांडाया गेलं, मुकं स्थळ लपवून का आणलं म्हनून!"

तिचा नवरा तव्यावर वाकून हसत होता. हा किस्सा त्यानं पूर्वी अनेकदा ऐकला असणार, तरी हसत होता. मला दादांकडं बघवेना.

पंच्याला हात पुसता पुसता कुसुम जरा थांबली. "पन मानूस वंगाळ न्हवता वाटला. मला मागनं लई वाईट वाटलं. मुक्या माणसाला आसं टोचून इचारलं मी. जिवाला लागलं आसंल त्याच्या. कुनी पोरगी दिली का न्हाय बिचाऱ्याला, अजून मनात येतंय कधी कधी."

सोपानदादांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

"मी वळखतो त्याला," ते म्हणाले.

"आं? खरं का?"

"व्हय. मुका न्हाय त्यो. बोलतो की. त्या दिशी... घसा बसलावता त्याचा."

"आन लगीन?"

मी टेबलाची कड धरली.

"झालं," दादा लगेच म्हणाले. "बायको चांगली हाय. दोन पोरं हायत. बरं चाललंय त्याचं."

कुसुमनं एकदम मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. ऐकलं का वो? मुका न्हवता त्यो! पोरंबाळं हायत त्याला!" ती चुलीकडं गेली, आणि मासे आणले तेव्हा दादांच्या ताटात एक तुकडा जास्त होता. दादांनी काटे नीट काढून सगळं संपवलं.

निघताना ती मागून आली. कागदात बांधलेलं गरम पुडकं दादांच्या हातात दिलं. "त्याच्या पोरांना द्या. कुनी दिलं म्हनून सांगू नका, नायतर बायको इचारत बसंल."

"देतो," दादा म्हणाले.

परतीच्या वाटेवर दादा मागंच बसले होते. पुडकं मांडीवर, दोन्ही हात वरून झाकलेले. गाडीभर तळलेल्या माशांचा वास होता. इंदापूरच्या जवळ आल्यावर नवऱ्यानं आरशातून पाहिलं. आतलं बोलणं चाललं होतं तेव्हा तो बाहेरच होता, निघताना 'पोरांना द्या' एवढंच त्याच्या कानावर आलं होतं.

"सोपान, ते पार्सल कुणाला द्यायचंय? वाटेत असंल तर थांबू."

"घरी द्यायचंय."

"कुणाच्या?"

"माझ्याच," दादा म्हणाले, आणि खिडकीची काच वर केली, पुडकं गार होऊ नये म्हणून.