चाचांना उठवायचं कुणी

बाबालालचाचांच्या तिरडीला मी आजवर कितीदा खांदा दिलाय, हे मला सांगता येणार नाही. पाटील म्हणून त्यांना नेलंय, सावकार म्हणून नेलंय, नायिकेचा आजा म्हणून तर भर उन्हात घाटाच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा उतरवलंय, कारण दिग्दर्शकाला आभाळात ढग हवा होता. एका मालिकेत ते दोनदा गेले. आधी गेला तो जुळा भाऊ होता, असं लेखकाला मागाहून सुचलं.

आमच्या वाईत मालिकांचं आणि सिनेमांचं शूटिंग बारमाही चालतं. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी पडद्यावरून चालत गेलेला आहे. मी एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो. जन्मभर माईकवरून गाड्यांना हाका मारल्या आणि निवृत्त झाल्यावर मालिकांच्या अंत्ययात्रांत लागलो. माझा चेहरा मुळातच सुतकी आहे, असं आमच्या सौभाग्यवती म्हणतात, त्यामुळे मेकअपचाही खर्च नाही. चाचा माझे भिंतीला भिंत लावून शेजारी. आडनाव नदाफ, धंदा गाद्या भरण्याचा. पण त्यांची ख्याती गाद्यांसाठी नाही. मेलेल्या माणसाची भूमिका करावी ती बाबालालचाचांनीच, असं मुंबईपर्यंतचे लोक मानतात.

नाकात घालायचा कापूस ते घरचा आणतात. मेकअपवाल्याने आपल्याकडचा बोळा पुढे केला की चाचा हात आडवा धरतात.

"ह्यो कुठल्या गादीतला, कुनाच्या अंगाखालचा, काय म्हाईत? मी मरतो ते सोताच्या कापसात."

मग खिशातून स्वतः पिंजलेला पांढराशुभ्र कापूस काढतात, तिरडीवर आडवे होतात, एक लांब श्वास सोडतात आणि नाहीसे होतात. मला दुसरा शब्द सापडत नाही. माणूस डोळ्यांसमोर असतो, पण आतून कुलूप लावून कुणी गावाला गेल्यासारखं वाटतं. पापणीवर माशी बसते, नाकाच्या शेंड्यापर्यंत चालत जाते, परत येते. चाचांना पत्ता नसतो. खांदा देताना माझा हात त्यांच्या हाताला लागला, तर तो खरोखरच गार असतो. वैशाखातसुद्धा.

सराव ते दुपारी ओट्यावर करतात. चटई टाकून, हनुवटीपर्यंत धोतर ओढून. नवीन आलेला सिलेंडरवाला एकदा सिलेंडर दारात टाकून पळाला तो चौकात जाऊन थांबला आणि तिथून त्याने चार माणसं बोलावून आणली. चाचा उठून बसलेले बघितल्यावर त्यातली दोन परत पळाली.

नटांबद्दल त्यांची मतं कडक आहेत. नट दोन प्रकारचे, बोलके आणि पडीक. बोलक्यांना ते खालच्या पायरीवर ठेवतात. मोठमोठ्या हिरोंच्या मरणाचे प्रसंग आमच्या घरी टीव्हीवर बघताना ते पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसतात आणि थोड्या वेळाने समाधानाने मागे सरकतात. "पोट हालतंय बघ. म्हनं सुपरस्टार." त्यांना एकदा मरण्याआधी 'पाणी' एवढा एक शब्द बोलायला दिला होता. त्यांनी नकार दिला. आपलं क्षेत्र निराळं, म्हणाले.

मालिकांमध्ये वारलेल्या वडिलांचा हार घातलेला फोटो भिंतीवर लागतो. तोही चाचांचाच असतो. एका चॅनेलवर ते कुणाचे तरी स्वर्गवासी सासरे असतात आणि त्याच वेळी दुसऱ्या चॅनेलवर आणखी कुणाचे वडील. त्यामुळे बाजारात त्यांच्यामुळे फार घोटाळे होतात. एकदा पसरणीकडच्या एका म्हातारीने मेथीची जुडी हातातून खाली टाकली आणि विचारलं, "आवं, तुमी तर गेला न्हवं?" चाचा शांतपणे म्हणाले, "व्हय. पन भाजी लागतीया की." आणि खाली वाकून त्यांनी तिची जुडी उचलून दिली.

सगळ्यात गंमत म्हणजे पडद्यावर चाचा नेहमी जळतात. खऱ्या आयुष्यात त्यांना पुरणार आहेत. "जळायची हौस हितंच भागवून घेतो," असं ते म्हणतात. हलिमाचाचीला हे बोलणं मुळीच खपत नसे.

हलिमाचाची म्हणजे त्यांची बायको. हिला नवऱ्याच्या या धंद्याचा मनस्वी राग. मौत को बुलाते नहीं, असं ती भिंतीपलीकडून ओरडून सांगायची आणि चाचा भिंतीअलीकडे माझ्याकडे येऊन बसायचे. जगभर नवऱ्याचे फोटो टांगलेले, पण हिच्या घरात एक तसबीर लावायची सोय नव्हती. तसबीर असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, ही तिची श्रद्धा. स्वतःचाही फोटो तिने कधी काढू दिला नाही. आधार कार्डावर तेवढा एक आहे, त्यात ती कुणी भलतीच बाई दिसते.

शेवटी नवरा ऐकत नाही म्हटल्यावर तिने एक अट घातली. शूटिंगवाल्यांचा एक रिवाज आहे. पडद्यावर मेलेला नट तिरडीवरून उठून थेट जेवायला जात नाही. आधी कॅमेरा त्याच्यावर रोखतात, त्याला हसवतात, ते हसू टिपतात आणि मगच त्याला उठू देतात. कॅमेऱ्यातलं त्याचं शेवटचं चित्र मेल्याचं राहू नये म्हणून. ते हसू पुढे कुठेच दाखवत नाहीत, पण घेतल्याशिवाय जुनी माणसं पुढे सरकत नाहीत. चाचीने यात एवढंच जोडलं की हसवायचं दुसऱ्या कुणी नाही, तिने.

मग प्रत्येक मरणानंतर प्रॉडक्शनचे धुमाळमामा चाचीला फोन लावून तो मढ्याच्या कानाजवळ धरायचे. पलीकडून त्रासलेल्या आवाजात ऐकू यायचं, "उठो जी, चाय थंडी हो री." दुपारच्या झोपेतून उठवावं तसं. तिरडीवर चाचांच्या ओठांचा डावा कोपरा आधी हलायचा, मग उजवा, मग ते खुदकन हसायचे आणि डोळे उघडायचे. अख्खं युनिट टाळ्या वाजवायचं. मला ते वाक्य इतकं पाठ झालं होतं की घरी उशिरा उठलो तर मी स्वतःलाच ते म्हणायचो.

दोन पावसाळ्यांमागे चाची आजारी पडली. मिरजेला दवाखान्यात नेली आणि तिथून ती परत आली नाही. चाचा रडले नाहीत. चाळिसावा झाला आणि ते कामाला लागले. धुमाळमामा आता फोनऐवजी नुसते वाकून "उठा चाचा" म्हणायचे. चाचा हसायचे, उठायचे. फक्त त्याला जरा वेळ लागायचा. पुढे जास्त वेळ लागायला लागला. दिग्दर्शक म्हणायचे, चाचा भूमिकेत फार खोल जायला लागलेत. मला काही ते लक्षण चांगलं वाटेना. स्टँडवर आयुष्य गेल्यामुळे कोणती गाडी वेळेवर सुटणार नाही, हे मला लवकर कळतं.

एका संध्याकाळी ओट्यावर मी सरळ विचारलं. ते नुसता कापूस पिंजत बसले. मग म्हणाले, "कुनाला बोलायचं न्हाई. पडून ऱ्हायलो ना, की घरातलं ऐकू येतंय."

"कुठल्या घरातलं?"

"आमच्याच. पयल्यांदा बांगड्या वाजल्या. मागल्या टायमाला स्टोव्ह ऐकला, पंप मारल्याला. लय जवळ आलंय आता, कंट्रोलर. कपबशी ठेवल्याचा आवाज झाला, आन् त्या धुमाळानं मला उठिवलं."

त्यांच्या घरातला स्टोव्ह चाची गेल्यापासून पेटलेला नव्हता, चहा ते चौकातल्या टपरीवर घेत. मी म्हटलं, चाचा, हे काम सोडा आता. ते हसले. "आता फकस्त हाक ऱ्हायलीया," म्हणाले.

ती ऐकल्याशिवाय ते उठणार नाहीत, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि ऐकली, तर उठतील ते कोणत्या बाजूला, हे कळेना. त्या दिवसापासून मी त्यांच्या एकाही मरणाला गैरहजर राहिलो नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एका नव्या मालिकेत त्यांना सरपंच म्हणून मारलं. धुमाळमामा नव्हते, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दिग्दर्शकाच्या हाताखाली मुंबईची एक नवी मुलगी होती, हुशार आणि सतत घड्याळाकडे बघणारी. झोपण्याआधी चाचांनी तिला विचारलं, "हसायचा शॉट कवा?" ती म्हणाली, नंतर बघू. तिला ती कुठल्या विनोदी प्रसंगाची गोष्ट वाटली असावी.

घाटावरचा प्रसंग झाला. चितेसाठी पुतळा होता, म्हणून चाचांना तिरडीसकट बाजूला पिंपळाखाली ठेवलं. ऊन उतरायच्या आत उसातला सीन घ्यायचा होता, त्यामुळे सगळ्यांची धावपळ उडाली. आम्हा सुतक्यांना पलीकडच्या गल्लीत जेवायला पिटाळलं. चाचा आमच्या मागोमाग येतील, असं मला त्या मुलीने सांगितलं. मी वाढून घेतलं, चाचांचं ताट झाकून ठेवलं. चाचा येईनात. भात तसाच टाकून मी घाटाकडे निघालो.

घाटावर चिटपाखरू नव्हतं. ट्रक गेले होते, दिवे गेले होते, कॅमेरे गेले होते. पिंपळाखाली तिरडी होती आणि तिच्यावर चाचा, नाकात कापूस, अंगावर झेंडूची फुलं. समोर अर्धवट विझलेल्या चितेतून धूर येत होता. तेवढ्यात पायऱ्यांवरून खरी अंत्ययात्रा उतरली. कुठल्या तरी वाडीवरचे लोक. त्यांनी आपली तिरडी जरा पलीकडे टेकवली, आणि त्यांच्यातला एक वयस्क माणूस माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"तुमचं कोन?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"शेजारी," मी म्हणालो. शूटिंग आहे म्हणावं, तर दाखवायला एक वायरसुद्धा शिल्लक नव्हती.

"आन् तुमी एकलेच आलाय?"

मी मान डोलावली. तो गृहस्थ हळहळला, त्याने आपल्याकडची मूठभर फुलं चाचांच्या पायांवर वाहिली, आणि माणसं कमी पडली तर हाक मारा, असं सांगून आपल्या लोकांत गेला.

मी चाचांजवळ गुडघ्यांवर बसलो. हात लावला, गार. छातीकडे बघितलं, हालत नव्हती. ती कधीच हालत नसे, पण त्या दिवशी मला आधीची एकही वेळ आठवेना. मी घाबरलो होतो, हे मी स्पष्ट सांगतो. आवाजच फुटत नव्हता. वारा पडला होता, पिंपळाचं पानही हलत नव्हतं.

आणि मी काहीही बोललेलो नसताना चाचांच्या ओठांचा डावा कोपरा हलला. मग उजवा.

मी मागे कोलमडलो. आणि तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं ते थेट स्टँडवरच्या माझ्या आवाजात, फलाट क्रमांक तेवढा सांगायचा राहिला. "उठो जी, चाय थंडी हो री." पलीकडची रडणारी माणसं गप्प होऊन माझ्याकडे बघायला लागली.

चाचांनी डोळे उघडले. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. मी दिसल्यावर तो थोडा उतरला, पण सगळा गेला नाही. ते उठून बसले तशी पलीकडे एकच पळापळ झाली, ती मी सांगत बसत नाही. त्या वयस्क गृहस्थाने मात्र जागचं न हलता हात जोडले.

चाचांनी नाकातला कापूस काढला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "दोनदा कशाला हाक मारलीस रं? पयल्याच येळंला ऐकली की मी."

मी एकदाच मारली होती. खरं सांगावं, असं एकदा मनात आलं. पण खरं सांगितलं तर पुढच्या वेळी हा माणूस माझ्या हाकेला कशाला उठेल? मला माझा शेजारी हवा होता. आमच्या भिंतीपलीकडे आधीच एक आवाज कमी झाला होता.

"म्हटलं, ऐकली नसंल," मी म्हणालो. "म्हणून दुसऱ्यांदा मारली."

चाचांनी अंगावरची झेंडूची फुलं झटकली. मग म्हणाले, "बरं केलंस." हसायचा शॉट राहिला होता, तो मी माझ्या मोबाईलवर घेतला. त्यात ते माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या उजव्या खांद्याच्या जरा वर बघतायत. घाटावर तिथे कुणी नव्हतं.

झाकून ठेवलेलं ताट त्यांना नको होतं. आम्ही चौकातल्या टपरीवर गेलो. चाचांनी बाकावरची धूळ रुमालाने झटकली, मला एका टोकाला बसवलं, स्वतः दुसऱ्या टोकाला बसले आणि टपरीवाल्याला तीन चहा सांगितले. तिसरा कुणाला, असं त्याने विचारलं. चाचांनी तो ग्लास आमच्या मध्ये ठेवून घेतला.

आम्ही आमचे चहा सावकाश प्यायलो. मधल्या ग्लासावर हळूहळू साय धरली. निघू या का, असं मी दोनदा विचारलं. चाचा म्हणाले, बस जरा, तिचा व्हायचाय अजून.