वेणूबाईंच्या उजव्या हाताची हकिकत

श्री वाग्देवीस नमन करून, घडले तैसे लिहितो. उणे-अधिक असेल ते श्रोत्यांनी पोटात घालावे. शके १९३८ दुर्मुख नाम संवत्सरे, कार्तिक मासी, एका राज्यी तेथील महाराजांची पत्रे लिहिणाऱ्या वेणूबाई तगारे यांस अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निर्जीव जाहला. त्यांचे अक्षर ऐसे की परमुलखीचे राजे पत्र वाचण्याआधी नुसते पाहात बसत. महाराज कष्टी होऊन बोलिले, "गुढीपाडव्यापर्यंत बाईंची जागा कोणास देऊ नये."

बाईंचे यजमान त्र्यंबकपंत यंत्रशाळेचे कारागीर. वैद्य बोलिले की हात केसभर हलला तरी आशा आहे, परंतु ते डोळ्यास दिसावयाचे नाही. मग पंतांनी दोन चाके केली आणि प्रत्येकाखाली रोटरी एनकोडर बसविला, जो चाक किती फिरले ते केसाच्या अंतरापर्यंत सांगतो, आणि दोन्ही एनकोडर तारांच्या एकाच जोडीवर मायक्रोकंट्रोलर नामे चिमुकल्या गणकयंत्रास जोडिले आणि प्रत्येकास क्रमांक दिला, की ज्याचा क्रमांक पुकारला जाईल त्यानेच उत्तर द्यावे. उजवा हात एका चाकावर. डावा दुसऱ्यावर स्वस्थ ठेवावयाचा, अंगाचा कंप उजव्याच्या हालचालीहून वेगळा ओळखावा म्हणून. परंतु धडधाकट हाताचा आकडा पाहून बाईंनी खंत करू नये, ऐसे मनी आणून पंतांनी यंत्राच्या पडद्यावर उजव्याचाच आकडा दाखविला. रोज सकाळी बाई डोळे मिटून जोर करीत. मार्गशीर्षात आकडा तीन आला, मग अकरा, आणि पौषात चाळीस. आणि पंत अनवाणीच दरबारी धावत गेले आणि महाराजांनी साखर वाटविली.

माघ शुद्ध पंचमीस पंतांनी उजवा हात पुसावयास चाकावरून उचलून घेतला, तो पडद्यावर बावन्न. चाक रिकामे आणि आकडा चालता! मग क्रमांक ताडून पाहिले, तो त्यांच्याच हातून अदलाबदल जाहलेली. उजव्याचा म्हणून इतके दिवस डाव्याचा आकडा वाचिला. क्रमांक नीट केले, हात पुन्हा ठेविला, बाईंनी जोर केला. शून्य.

पंत बोलिले, "वेणू, चूक माझी."

"मला पौषातच कळले होते," बाई बोलिल्या. "एकदा डोळे उघडून पाहिले, तो जोर केला की डावा आपसूक हलतो, आणि आकडाही तेव्हाच हलतो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण त्या दिवशी तुम्ही कितीक दिवसांनी पोटभर जेवलात. मग मी मुद्दाम हलवू लागले."

पंतांनी विचारिले, "दरबारी काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. कागद आणा."

आणि बाईंनी डाव्या हाती लेखणी धरिली आणि चार ओळींस अख्खा दिवस लागला. दुसरे दिवशी पंतांनी कागद महाराजांपुढे ठेविला. महाराजांनी तो उलटसुलट पाहिला आणि बोलिले, "हे अक्षर कोणाचे?"

"तिचेच, महाराज."

महाराजांनी चारी ओळी वाचिल्या. मग म्हणाले, "जागा दुसऱ्यास द्यावी ऐसे बाई लिहितात. तैसे करावे."

सारांश, हात आला नाही. जागा पाडव्यास गेली. बाई त्यानंतर सहा वर्षे होत्या आणि डाव्या हाताने लिहीत, ते घरचेच: भाजीची यादी, वैद्यास निरोप. पंतांनी त्यातील एकही कागद टाकिला नाही. इतके ठाऊक, तितके लिहिले.