तिसरी चांगली गोष्ट

मुलांनो, आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. मोठ्या माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही, म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगतो. चुकलं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

एका जंगलात एक बांध होता. पावसाळ्यात तो ओढ्याचं पाणी अडवायचा आणि उन्हाळाभर सगळे तेच पाणी प्यायचे. बांधाचं काम दोघांकडे होतं. बाजीबा रानडुक्कर माती बघायचा. टोकेराव सुतारपक्षी पाणी सोडायचं लाकडी दार बघायचा.

दोघांचं रोज सकाळी भांडण व्हायचं.

"ए टोक्या! दाराची खालची फळी कुजलीय. डोळे आहेत का भोकं?"

"आधी तुझी माती बघ, बाज्या! इथून पाणी झिरपतंय. काल काय झोपेत उकरत होतास?"

मग एक जण शिव्या देत फळी बदलायचा. दुसरा शिव्या देत माती दाबायचा. अकरा पावसाळे बांधाला काही झालं नाही.

बांधाच्या खालच्या अंगाला साळूबाई साळिंदर राहायची. बिळात तिची दोन पिल्लं होती. साळिंदरं रात्री फिरतात आणि दिवसा झोपतात, हे तुम्हाला माहीत असेलच. वर भांडण सुरू झालं की ती पिल्लांना म्हणायची, "झोपा आता. दोघं कामावर आलेत."

पण तो आवाज वाघोबा महाराजांच्या गुहेपर्यंत जायचा. एकदा शेजारच्या जंगलाचे पाहुणे आले असताना "बाज्या, टोक्या" कानावर पडलं. महाराजांना फार लाज वाटली. त्यांनी भारद्वाजाला सुसंवाद अधिकारी नेमलं. भारद्वाज नुसता दिसला तरी दिवस चांगला जातो म्हणतात. मग तो बोलला तर काय होईल, असा महाराजांचा विचार.

भारद्वाजसाहेब बांधावर आले. त्यांनी एक पळसाचं पान काढलं.

"ज्याच्या हातात पान, त्यानेच बोलायचं. आणि दोष दाखवण्याआधी समोरच्याच्या तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या. कळलं?"

"आणि गळत असेल तर?" बाजीबाने विचारलं.

"पान तुमच्याकडे नाहीये, बाजीबा."



दुसऱ्या दिवसापासून बांधावर शांतता झाली. "या टोकेराव." "बसा बाजीबा." भारद्वाजसाहेबांनी अहवाल पाठवला: तंटे शून्य. महाराजांनी तो पाहुण्यांना वाचून दाखवला.

खाली साळूबाईचा मात्र डोळ्याला डोळा लागेना. ती वर आली.

"अहो, तुम्ही दोघं भांडत का नाही? बरं आहे ना सगळं?"

"आम्ही सुधारलो, साळूबाई," टोकेराव म्हणाला.

"मग बांध कोण बघतं?"

दोघांनी भारद्वाजसाहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "ताई, नकारात्मक बोलू नये." साळूबाई खाली गेली. त्या दिवशी तिने पिल्लांना बिळाच्या तोंडाशी झोपवलं.

श्रावणात झड लागली. तीन दिवस पाऊस थांबेना. बांध तुडुंब भरला.

चौथ्या दिवशी सकाळी बाजीबाला दाराच्या फळीला तडा दिसला. त्याने पान हातात घेतलं. "टोकेराव, मला असं जाणवतं की..."

"काय जाणवतं?"

बाजीबाने तड्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. "की वारा छान सुटलाय."

त्याच वेळी टोकेरावला मातीत बोटभर भोक दिसलं. त्यातून गढूळ पाणी येत होतं. त्याने पान मागून घेतलं.

"बाजीबा, तुमचे सुळे फार पांढरे आहेत. ही एक."

"आभारी आहे."

"तुम्ही वेळेवर येता. या दोन."

तिसरी काही सुचेना. अकरा वर्षं त्याने बाजीबाचे दोषच पाहिले होते. तो उडून सावरीच्या झाडावर जाऊन बसला आणि विचार करू लागला. भोक मुठीएवढं झालं. मग तो आनंदाने खाली आला.

"सापडली! तुमची माती इतकी घट्ट असते की पाण्याचा थेंब बाहेर येत नाही!"

बाजीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. असं त्याला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. त्याने पान घेतलं आणि आभार मानायला सुरुवात केली. आईपासून सुरुवात केली. टोकेराव पायांवर नाचत होता, पंख हलवत होता, भोकाकडे चोच करत होता. पण पान त्याच्याकडे नव्हतं.

बाजीबा आजोबांपर्यंत आला तेव्हा बांध फुटला.

साळूबाईने एक पिल्लू तोंडात धरलं आणि दुसऱ्याला ढकलत टेकडीवर नेलं. बीळ गेलं. ओढ्याकाठचं गवत गेलं. उन्हाळ्याचं पाणीही गेलं.

चौकशी बसली. महाराजांनी विचारलं, "बांध फुटला तेव्हा भांडण चालू होतं का?"

"नाही महाराज," भारद्वाजसाहेब म्हणाले. "कौतुक चालू होतं."

"मग चूक कोणाचीच नाही."

साळूबाई पुढे आली. तिचे काटे अजून ओले होते. "महाराज, मला बोलायचंय."

"ताई," भारद्वाजसाहेबांनी पान पुढे केलं, "आधी तीन चांगल्या गोष्टी."

साळूबाईने पान घेतलं. "माझी दोन्ही पोरं जिवंत आहेत, ही एक. साहेबांचं घरटं उंचावर आहे, ही दोन. तिसरी सुचली की येते." एवढं बोलून तिने पान खाल्लं आणि पिल्लांना घेऊन चालू लागली.

भारद्वाजसाहेबांना आता सात जंगलं दिली आहेत.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी गोड बोलावं. बांध फुटला तर पुन्हा बांधता येतो. साहेबांचा अहवाल एकदा गेला की गेला.

ही गोष्ट मी रविवारी लिहिली. सोमवारी सकाळी कामावर गेलो. आमचा पंप दुरुस्तीचा कारखाना आहे. शनिवारी आमच्याकडेही गोड बोलण्याचं शिबिर झालं होतं. आमचे थोरले कारागीर सुदामदादा, त्यांनी जोडलेला पंप गाडीत चढवायला काढला होता. मी दोन दिवस गिळलेलं एकदाचं म्हणालो, "दादा, खालचा बोल्ट तुम्ही सैल ठेवलाय."

सुदामदादांनी मला एक सणसणीत शिवी दिली.

मग ते खाली वाकले, बोल्टला हात लावला आणि म्हणाले, "पाना दे."