बाळंतपण मी करतो

चंदरने ते वाक्य बोलायला नको होतं. निदान तोंडात जिलबी असताना तरी नको होतं.

देवळ्याला रोशनीताईचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण होतं. ताई हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेली आणि तिचा धाकटा भाऊ चंदर पंगतीत. तेवढ्यात ताईच्या सासूबाई, सिंधुबाई, शेजारणीला म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, मला काय कळत नाय? पण पोरीची आई नाय राहिली. नाशिकला घरात उरला बाप आन् भाऊ. बाळंतपण करणार कोण? इथंच ठेवते मी तिला."

बाई हे मायेनेच बोलल्या होत्या. पण आई जाऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि त्या दिवसांत चंदरशी कुणी मायेने बोललं तरी त्याला ते भांडणच वाटायचं. चहावाल्याने "बरा आहेस ना?" विचारलं, तरी तो "तुला काय करायचंय?" म्हणून अंगावर जायचा.

"कोण करणार म्हणजे? मी करतो!"

वाढप्याच्या हातातला वरणाचा डाव हवेतच राहिला. मग आधी बायका हसल्या, मग पुरुष हसले. एक म्हातारी तर इतकी हसली की तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

"हसायला काय झालं?" चंदर पानावरून उठलाच. "बाळंतपण माहेरी होणार आणि मीच करणार!"

(त्याला म्हणायचं होतं, 'आम्ही काळजी घेऊ.' पण राग आला की त्याच्या तोंडून नेहमी दोन साइझ मोठं वाक्य निघायचं.)

झोपाळ्यावरून ताई हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना मला, आई. मला आमच्या घरी जायचंय." तिचा नवरा महेशनेही मान डोलावली. सिंधुबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा. पण मी येऊन बघणार. काही उणं दिसलं, तर त्याच पावली परत आणणार."

चंदरचं शिक्षण आठवीपर्यंत (पुढचं मास्तरांशी भांडण्यात गेलं). मखमलाबादच्या मळ्यांतली भाजी तो आपल्या छोट्या टेम्पोत घालून पंचवटीच्या मार्केट यार्डात नेई. त्याच टेम्पोत पुढे बसवून त्याने ताईला गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथे नियम असा, की कळा सुरू झाल्यावर बाईजवळ एकच माणूस थांबेल आणि त्या माणसाने रविवारचे क्लास केलेले पाहिजेत.

"करतो की," चंदर म्हणाला. क्लास म्हणजे काय हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण तिथेच झालं असतं.

क्लासमध्ये रंगीत चटया होत्या, बासरी वाजत होती. चंदरला बासरीचाही राग आला. शिकवणाऱ्या पूजा मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "सगळे बाबा आईच्या मागे बसा. पाठीला आधार द्या. अहो, तुम्ही बाबा, असे दाराजवळ काय उभे?"

"मी बाबा नाही. मामा आहे."

"मामा? पण हा जोडप्यांचा क्लास आहे. बाळाचे बाबा कुठे आहेत?"

"देवळ्याला. कांद्यात."

"म्हणजे त्यांना इंटरेस्ट नाही का?"

झालं! चंदर चटई तुडवत मधोमध आला. "मॅडम, तुमच्या घरी पहिलं बाळंतपण सासरी करतात का? बाई माहेरी आली म्हणजे नवरा सासरी राहिला. इथे तो कुठून आणायचा? भाड्याने मिळतो का?"

"चंद्या, बस खाली," ताई दातांवर दात ठेवून म्हणाली.

पण मागून एक बाई म्हणाली, "खरंय मॅडम, माझेही मिस्टर सुरगाण्याला आहेत." दुसरी म्हणाली, "माझे चाकणला. सुट्टी मिळत नाही." आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं, की निम्म्या चटयांवर बाईच्या मागे नुसती भिंत होती.

पुढच्या रविवारी क्लासला दोन भाऊ, एक काका आणि एक टोपीवाले आजोबा हजर. मॅडम "बाबांनी खोल श्वास घ्या" म्हणाल्या, की आजोबांना ठसका लागायचा आणि सगळा क्लास त्यांना पाणी द्यायला धावायचा. मॅडम अधूनमधून चंदरकडे बघायच्या. त्या बघण्यात बासरीतला गोडवा नव्हता.

त्याच्या पुढच्या रविवारी मॅडमनी बर्फ आणला.

"कळ सोसणं म्हणजे काय, ते बरोबरच्यांना थोडं कळू दे. मुठीत खडा धरा, मिनिटभर सोडायचा नाही आणि शांत श्वास घ्यायचा."

खडे भराभर खाली पडले. आजोबांनी आपला खडा पाण्याच्या ग्लासात टाकून पिऊन टाकला. चंदरने डाव्या मुठीत धरला होता (उजवा हात भांडायला मोकळा ठेवायची त्याला सवय होती). तो सोडणारच होता. इतक्यात शेजारची बाई ताईला म्हणाली, "आई नाही ना गं तुला? आई असती तर किती आधार झाला असता."

चंदरने मूठ आवळली.

"झालं मिनिट," मॅडम म्हणाल्या. "सोडा, मामा."

"नाही."

"अहो, हात बधिर होईल!"

"कळा अर्ध्यात सोडता येतात का?"

खडा विरघळून संपला. चंदरने ट्रेमधून दुसरा उचलला आणि तोही संपवला. बाकीच्या बायका आपापल्या माणसांकडे अशा काही बघायला लागल्या, की एका नवऱ्याने पडलेला खडा मुकाट्याने परत उचलला.

पराक्रम संपला आणि टेम्पोत बसल्यावर कळलं, की डावा हात खांद्यापासून खाली कुणा दुसऱ्याचा आहे. गिअर धरायला जावं तर बोटं मिटेनात.

"सरक, गिअर मी टाकते," ताई म्हणाली. "तू क्लच दाब. लग्नाआधी तूच शिकवलंस ना?"

"आठवा महिना आहे तुझा!"

"पोट सीटवर आहे, हात मोकळा आहे. दाब क्लच."

अशी ती भावंडं निघाली. "दुसरा!" "टाकला!" "तिसरा!" "आधी दाब तरी नीट!" आई गेल्यापासून दोघं एवढं मोकळं ओरडली नव्हती. घराच्या दारात टेम्पो आला आणि ताईने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "न्यूट्रल!"

ओट्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन सिंधुबाई बसल्या होत्या.

"आठव्या महिन्यातल्या सुनेला तू टेम्पो चालवायला लावतो?"

"चालवत कुठे होती? नुसते गिअर टाकत होती."

(हा बचाव त्याला बिनतोड वाटला होता.)

"रोशनी, बॅग भर."

ताईचा चेहरा पडला. तिने वडिलांकडे पाहिलं. अण्णा आई गेल्यापासून दोनच शब्द बोलत. तेच बोलले. "बघा बुवा."

"मावशी, मी सगळं शिकलोय!" चंदर ओरडला. "आंघोळ घालता येते, गुंडाळता येतं!"

"मग दाखव की घालून."

घरात बाहुली नव्हती. अण्णांनी मुकाट्याने स्वयंपाकघरातून दुधी भोपळा आणून दिला.

चंदर मोरीत पाय पसरून बसला, दुधी पायांवर घेतला, तेल लावलं. तेल जरा जास्तच झालं. दुधी पायांवरून सुटला तो थेट बादलीवर जाऊन आदळला.

"अरे, मान धर लेकराची, मान!" सिंधुबाई किंचाळल्या.

"याला मान कुठेय?"

"देठाकडं!"

पुसून झाल्यावर त्याने दुधी दुपट्यात गुंडाळला. टेम्पोवर ताडपत्री बांधतात तसा खालून वळसा, वरून आडवा, मग टोकं ताणून गाठ. "हलवून बघा. घाटातसुद्धा सुटत नाही."

"बरं. आता सोड."

गाठ सुटेना. चंदरने नखं लावली, दात लावले. सिंधुबाईंनीही लावून पाहिले. "लेकराला पाजायचं कधी? दुपटं कापून?"

आणि ताई फस्सकन हसली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सिंधुबाईंनाही हसू आवरेना. अण्णाही तोंडाला पंचा लावून हलायला लागले. चंदरचं डोकं भडकलं.

"हसा! आणि आता म्हणा, आई असती तर असं झालं नसतं! सगळे तेच म्हणतात. आई नाही, हे मला ठाऊक नाही का? मी खांदा दिलाय तिला! गल्लीतला जो उठतो तो मलाच सांगतो, तुझी आई नाही, तुझी आई नाही. पडला तर पडला दुधी! आईचं घर आहे हे. ताई इथेच राहणार!"

शेवटी शेवटी आवाज फुटला. चंदर मोरीच्या उंबऱ्यावर ओल्या पँटीत उभा होता आणि त्याने तो दुधी छातीशी घट्ट धरला होता. एक हात खाली, एक हात देठापाशी, बरोबर मानेखाली.

सिंधुबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

"बॅग राहू दे, रोशनी," त्या म्हणाल्या. "ती इथंच राहील. पण मीबी राहते."

"विहीणबाई, तुम्ही? इथे?" अण्णांच्या तोंडून तिसरा, चौथा, पाचवा शब्द निघाला. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. बाळंतपण चंदरच करील. मी नुसती गाठी सोडायला."

नववा भरला आणि कळा भर दुपारी सुरू झाल्या. हॉस्पिटलात चंदर आत ताईजवळ थांबला, शिकवल्याप्रमाणे तिची पाठ चोळली, शिकवल्याप्रमाणे श्वास घेतले. पण ताई विव्हळली आणि तो डॉक्टरीणबाईंवर उखडला, "तिला दुखतंय, दिसत नाही का? करा ना काहीतरी!" ताईनेच दोन कळांच्या मध्ये सांगितलं, "याला बाहेर काढा आधी, मग मी बघते." नर्सने दंडाला धरून त्याला बाहेर काढलं आणि सिंधुबाईंना आत घेतलं. (नियम मोडला. पण नर्स म्हणाली, त्या मामापेक्षा नियम मोडलेला बरा.) बाहेर चंदरने समोरच्या लोखंडी बाकाला सगळा जीव एकवटून लाथ घातली.

बाकाला काही झालं नाही. वर ताईला मुलगी झाली, तेव्हा खाली चंदरच्या पायाला प्लास्टर चढत होतं.

पाचवीच्या पूजेला शेजारच्या चिमणाबाई आल्या. खोलीत दोन खाटा. एकीवर ताई आणि बाळ, दुसरीवर उशीवर पाय ठेवून चंदर, हातात अळिवाच्या खिरीची वाटी आणि कपाळावर आठ्या.

"काय हो," चिमणाबाईंनी सिंधुबाईंना विचारलं, "शेवटी बाळंतपण कुणी केलं म्हणायचं?"

"मीच केली की दोन्ही," सिंधुबाई म्हणाल्या. "रोशनीचं नॉर्मल झालं. ह्याचं अवघड गेलं. डॉक्टरांनी सव्वा महिना खाटेवरनं उठायचं नाय म्हणून सांगितलंय."