येशूच्या आईवरचा रुसवा

सबंध तळोद्यात येशूच्या आईवर रुसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे आमचा दगाजी पोस्टमन.

मिशनच्या बंगल्यात एक म्हातारी मडम राहायची. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिला मायदेशाहून आलेली चित्रांची जुनी कार्डं ती दगाजीला देई. कार्डावर बहुधा येशूबाळ आणि त्याची आई. दगाजी ती बिस्किटाच्या डब्यात जपायचा आणि शाळा सुटली की मला, म्हणजे गावच्या मास्तरला, ओट्यावर बसवून दाखवायचा.

“देखा मास्तर, पोऱ्या मांडीवर शे, आनि माय कोठे देखी ऱ्हायनी? हाई तं फोटू काढाले बसेल शे!”

खरंच, एकीची नजर आभाळात, दुसरीची जमिनीकडे, तिसरी थेट आपल्यालाच न्याहाळणारी. दगाजीला बाळाकडे बघणारी आई हवी होती आणि ती काही सापडत नव्हती. मडमेलाही तो हेच ऐकवायचा. ती बिचारी हसून पुढचं कार्ड शोधायची. ‘दगाजी बाटला’ अशी गावात कुजबुज झाली, तेव्हा म्हणाला, “मन्हं देवसंगे काम नही. मायसंगे काम शे.” श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट मात्र त्याने कधी चुकवले नाहीत.

कोपरा फाटलेलं कार्ड तो डब्यात घेत नसे, मग चित्र कितीही देखणं असो. आमच्याकडे मयताची खबर कोपरा फाडलेल्या कार्डावर येते. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं, घरात न्यायचं नाही. असलं कार्ड दगाजी इतर टपालाबरोबर थैलीत ठेवायचा नाही, हातात धरून आणायचा. म्हणून बायका लांबूनच त्याचा हात बघत. चहाला थांब, असं त्याला कुणी म्हणत नसे. घरीही एकटाच. बायको पहिल्या बाळंतपणाला शहाद्याकडे माहेरी गेली ती गेलीच, एवढंच गावाला ठाऊक होतं.

मडम कायमची मायदेशी निघाली, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी तिला एक कार्ड सापडलं. दगाजी टपाल वाटायला गेलेला, म्हणून तिने ते माझ्याकडे दिलं. आई बाळाकडेच बघत होती, बाकी कशाचं तिला भानच नव्हतं. आणि नेमका एक कोपरा कसर लागून गेलेला! उरलेले तीनही कातरून टाकावेत, असा शहाणपणाचा विचार माझ्या मनात येऊन गेला.

भीत भीत दगाजीच्या दारात उभा राहिलो. त्याने कार्ड घेतलं, कोपऱ्यावरून बोट फिरवलं, मग बराच वेळ चित्राकडे बघत राहिला.

“देखी ऱ्हायनी,” तो म्हणाला आणि कार्ड घेऊन उंबरा ओलांडून आत गेला. मीही मागोमाग गेलो.

डब्याच्या तळातून त्याने एक साधं सरकारी कार्ड काढलं. कोपरा फाडलेला. सासऱ्याने धाडलेलं, दगाजीच्याच टपालात, दगाजीच्याच नावावर आलेलं. माय आणि लेकरू दोन्ही गेली, इतकाच मजकूर.

“हाई मी फाडं नही, मास्तर. तिनी पोऱ्याले देखं व्हतं का नही, ते लिखेल नही शे.”

इतकी वर्षं मी त्याच्या रुसव्याला हसत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

त्याने नवं कार्ड त्या जुन्या कार्डावर ठेवलं.

“देखंच व्हई ना, मास्तर?”

“देखं व्हई,” मी म्हटलं. मला काय ठाऊक? पण म्हटलं.